आश्रुबाची पाठराखण

कल्पना करा. सकाळचे आठ वाजत आलेत आणि तुम्ही जिंतूर-परभणी रस्त्याच्या कडेला, किलोमीटरच्या दगडापाशी उभे आहात. अंगात निळं बनियन, छातीवर टाचण्यांनी अडकवलेलं नंबराचं कापड, पायात दुसऱ्या कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट. दोन तासांपूर्वी येलदरीच्या धरणावरून दीड वीत लांबीची एक लाकडी दांडी निघाली आहे. तुमच्या गावचे चार गडी, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत, अठ्ठावीस किलोमीटर ती तुमच्याकडे आणत आहेत. तुम्हाला त्यातलं काहीच दिसत नाही. कोण पडलं, कोण दमलं, कोण पुढे निघून गेलं, कळायला मार्ग नाही. तुम्ही फक्त रस्त्याच्या वळणाकडे बघत राहायचं. वळणावर निळं बनियन दिसलं की दांडी घ्यायची आणि सात किलोमीटर पळत सुटायचं. तिथे आणखी एकजण तुमच्यासारखाच, दुसऱ्या एका वळणाकडे डोळे लावून उभा आहे.

आता हेही समजा, की अशी शर्यत तुम्ही जन्मात पहिल्यांदाच पळताय. आणि हेही समजा, की गेली दोन वर्षं गावाने तुमच्या हातात काहीच दिलेलं नाही.

१९८३ सालच्या सतरा सप्टेंबरला आश्रुबा असा उभा होता.

आश्रुबा पिंपळदऱ्याचा. येलदरीच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. घरी तीन एकर कोरडवाहू, ते भाऊ बघायचा. आश्रुबा वीज मंडळात रोजंदारीवर होता आणि त्याचं काम होतं चालण्याचं. धरणाच्या वीजघरातून निघालेल्या मोठ्या तारा ज्या उंच लोखंडी टावरांवरून जातात, त्या टावरांखालून रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं. चिनी मातीची तबकडी फुटली का, तारेवर फांदी आली का, कुणी टावरचा नट-बोल्ट काढून नेला का, हे बघायचं आणि संध्याकाळी वहीत लिहवून घ्यायचं. पायात टायरच्या चपला, खांद्यावर पंचा, हातात बाभळीची काठी. तारेतून जाणारी वीज त्याला कधी दिसली नव्हती. पण पावसाळी हवेत टावरखाली उभं राहिलं की वर मोहोळ उठल्यासारखा आवाज यायचा, आणि तो ऐकत आश्रुबा दरवेळी मान वर करून थांबायचा. बारा वर्षं झाली तरी थांबायचा.

चतुराबाई, त्याची बायको, म्हणायची, "मंडळ तुमाला चालायचे पैसे देतंय का थांबायचे?"

पिंपळदऱ्याला पळण्याची सवय नवी नव्हती. दर वर्षी नवरात्राच्या तोंडावर गावातले वीस-बावीस गडी टेम्पो करून माहूरला जात, रेणुकेच्या देवळात ज्योत पेटवून घेत आणि दीडशे किलोमीटर पळत ती गावात आणत. घटस्थापनेला तीच ज्योत देवीपुढे लागायची. एकजण ज्योत घेऊन पळायचा, बाकीचे टेम्पोत बसायचे, आणि टेम्पोत एक कंदील पेटता ठेवलेला असायचा, अडीअडचणीला.

ज्योत न्यायच्या रीती ठरलेल्या होत्या. ती खांद्याच्या खाली येऊ द्यायची नाही. घेणाऱ्याने आधी तिला नमस्कार करायचा, मग दोन्ही हातांनी घ्यायची. पळताना मागे वळून बघायचं नाही. आणि सगळ्यात मोठी रीत म्हणजे पाठराखण. ज्याने ज्योत दिली त्याने लगेच टेम्पोत चढायचं नाही. पुढचा गडी त्याची पाळी पुरी करेपर्यंत त्याच्या मागून पळायचं. मागचा वारा अडवायचा, लडखडला तर सावरायचा. त्याला पाठराखा म्हणत. म्हणजे एकेका गड्याला दोन पाळ्या पळाव्या लागत, एक ज्योतीसकट आणि एक रिकाम्या हाताने. पिंपळदऱ्यातल्या पोरांच्या अंगात हे इतकं मुरलेलं होतं की गुरं चारायला जातानाही ती एकामागे एक पळायची.

दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, पुसदच्या अलीकडच्या घाटात आश्रुबाच्या हातात ज्योत विझली.

मागून वाऱ्याचा एक लोट आला आणि गेली. बस्स. कंदिलावरून पुन्हा पेटवली, गावात आणली, घट बसले. पण त्या साली पिकावर रोग पडला, दोन बैल दगावले आणि गावाने बोट आश्रुबाकडे केलं. हातात कुणाच्या विझली? आश्रुबाच्या. मग झालं तर. त्या वेळी पाठीमागे पाठराखा कोण होता, हे कुणी विचारलं नाही. आश्रुबानेही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो माहूरला गेला, पण त्याला टेम्पोत बसवलं आणि मांडीवर कंदील दिला. दीडशे किलोमीटर तो कंदील धरून बसला. पोरं त्याला तोंडावर 'तात्या' म्हणत आणि पाठीमागे 'इझवण्या'.

तर त्र्याऐंशी साली मुक्तिसंग्राम दिनाला जिल्ह्यातल्या तरुण मंडळांनी मिळून येलदरी ते परभणी अशी शर्यत ठरवली. छप्पन किलोमीटर, आठ गडी, प्रत्येकी सात किलोमीटर. अशी शर्यत पूर्वी कुणी पाहिली नव्हती. अकरा गावांनी नावं दिली. पिंपळदऱ्याच्या मंडळाचा म्होरक्या रंगनाथ. गावात त्याची पिठाची चक्की होती आणि ज्योतीचा सगळा कारभारही त्याच्याच हातात. तो म्हणाला, "आपुन दीडशे पळतो. छप्पन म्हंजी चहा पिऊन परत यायचं काम."

पण शर्यतीआधी दहा दिवस एका गड्याचा पाय मुरगळला आणि ज्योतीच्या दोन-तीन किलोमीटरच्या पाळ्या सोडून सलग सात किलोमीटर पळेल असा दुसरा माणूस गावात सापडेना. संध्याकाळी रंगनाथ पीठ झटकत आश्रुबाच्या दारात उभा राहिला.

"आश्रुबा, एक पाळी पळतूस का?"

आश्रुबा जेवत होता. त्याने हातातला घास खाली ठेवला. "पळतो की. पण रंगनाथ, एक इचारतो. औंदा माहूरला मला ज्योत मिळंल का?"

रंगनाथने त्याच्याकडे बघितलं नाही. चौकटीला लागलेलं पीठ पुसत म्हणाला, "आधी ही दांडी तर नीट पोचव. मग बघू."

तो गेल्यावर चतुराबाई म्हणाली, "पळा बिनघोर. लाकडाची दांडी हाय, ती काय इझायची न्हाई."

शर्यतीच्या चार दिवस आधी नियमांचा छापील कागद आला. रंगनाथने चक्कीवर सगळ्यांना बसवून तो वाचून दाखवला. त्यातला सातवा नियम असा होता: दांडी दिल्यावर धावपटूने ताबडतोब बाजूला थांबावे, आपल्या संघातील पुढच्या धावपटूस कोणत्याही प्रकारे सोबत करू नये. पोरं हसली. म्हणजे पाठराखण नाही. बरं झालं, निम्मं काम वाचलं. सातजणांनी हे ऐकलं. आठवा, म्हणजे आश्रुबा, त्या दिवशी एका टावरवर फांदी पडल्याची वर्दी आली म्हणून लाईनवर गेलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

आता पुन्हा त्या दगडापाशी जाऊ.

आठ वाजून चार मिनिटांनी वळणावर निळं बनियन दिसलं. सटवाजी होता, मंडळातला सगळ्यात जाडजूड गडी. तोंड उघडं, डोळे बाहेर, उजव्या हातात दांडी खांद्याच्या वर धरलेली, ज्योत धरतात तशी. त्याच्या आधी पाच गावांचे गडी निघून गेले होते. आश्रुबा पुढे झाला. त्याने दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि मग दोन्ही हातांनी दांडी घेतली.

तिथे बसलेला पंच ओरडला, "अरे, पूजा काय करता? पळा!"

दांडी गरम होती. ओली होती. आश्रुबाला ते एकदम जाणवलं आणि अंगावर काटा आला. चार माणसांचा घाम होता त्या लाकडात. दिवस उगवायच्या आत येलदरीहून निघालेल्या पहिल्या गड्याचा हात होता, जिंतूरच्या चढावर दम लागलेल्या दुसऱ्याचा होता. त्यांतला एकही त्याला दिसला नव्हता, पण चौघंही त्याच्या मुठीत होते. ज्योतीच्या वेळी सगळी माणसं टेम्पोत समोर असतात, बोलतात, गाणी म्हणतात. इथे माणूस नव्हता, नुसता त्याचा उबारा होता. आश्रुबाला टावरांची आठवण झाली. एक टावर दुसऱ्याला शिवत नाही, पण तार तीच.

तो पळत सुटला.

कसा पळाला ते विचाराल तर ज्योत घेऊन पळतात तसा. पाय फार न उचलता, सारख्या चालीने, श्वास राखून. श्वास राखायचा, कारण नंतर पाठराखणीची दुसरी पाळी असते. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आलेली, मधेच तुरीचे पट्टे. एका गावाच्या वेशीवर शाळेची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन उभी होती. भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, एका भिंतीवर होऊ द्या म्हणणाऱ्या, दुसरीवर होऊ देणार नाही म्हणणाऱ्या, आणि दोन्ही भिंतींवर चढून बसलेली माणसं एकाच आवाजात ओरडत होती, "पळ बे निळ्या, पळ!" विहिरीवरच्या एका म्हातारीने घागरीतलं पाणी त्याच्या अंगावर भिरकावलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. बघायची रीत नव्हती.

शेवटच्या किलोमीटरला त्याने मानवतच्या गड्याला मागे टाकलं. बत्तीस मिनिटं लागली त्याला. त्याची सरावातली वेळ तेहेतीस होती, म्हणजे बरंच म्हणायचं.

पुढे बन्सीधर उभा होता. एकोणीस वर्षांचा, जिंतूरच्या कॉलेजात शिकणारा, मिसरूड फुटलेलं पोर. 'इझवण्या' हे नाव त्यानेच काढलेलं. त्याने दांडी खसकन ओढून घेतली. "लवकर द्या हो तात्या!" म्हणाला आणि बाणासारखा सुटला.

आणि आश्रुबा त्याच्या मागे सुटला.

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दिलं की मागून पळायचं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. पंच ओरडले, "ओ काका, झालं तुमचं!" आश्रुबाला वाटलं, झालं का म्हणून विचारताहेत. त्याने पळता पळता मान हलवली.

बन्सीधर वीस पावलं पुढे होता. आणि तो असा पळत होता, की आश्रुबाने असं पळणं जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन किलोमीटरला त्याची चाल जरा सैल होती, जोरात सुटलेलं पोर जसं थोड्या वेळाने ढिलं पडतं तशी. मग काय झालं कोण जाणे. पोराने मान खाली घातली, कोपरं अंगाला चिकटवली आणि त्याच्या टाचा अशा उडायला लागल्या की जणू रस्ता तापलाय. आश्रुबा ते बघतच राहिला. वीस पावलांचं अंतर वाढू द्यायचं नाही, पाठराख्याने मागे पडायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. अंगात आधीचे सात किलोमीटर होते, बूट एक बोट मोठे होते आणि फटाफट वाजत होते. पण पाय पुढे पडत होते. आपलेच पाय आपल्याला ओळखू येत नाहीत असं त्याला वाटलं.

मधेच पंचांची जीप आली. भोंग्यातून आवाज आला, "ए मागचा! बाजूला हो!"

आश्रुबाला वाटलं, जीपला वाट पाहिजे. तो डांबरावरून उतरला आणि कडेच्या मातीतून पळू लागला. जीप पुढे गेली, थांबली, पुन्हा आली. भोंगा पुन्हा ओरडला. आश्रुबा आणखी कडेला झाला, काट्यांतून पळू लागला. याहून बाजूला व्हायचं तर कपाशीत उतरावं लागलं असतं.

बन्सीधरने एका गड्याला मागे टाकलं. मग आणखी एकाला. झरीच्या पुढे तिसऱ्याला. सातव्या गड्याच्या हातात त्याने दांडी दिली तेव्हा पिंपळदरा दुसऱ्या नंबरावर होतं. पोर गुडघ्यांवर हात टेकून वाकलं, आणि मग त्याने पहिल्यांदा मागे बघितलं.

"तात्या? तुमी हितं काय करायलात?"

आश्रुबा दगडावर बसला होता. त्याच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडून रक्ताळल्या होत्या. म्हणाला, "पाठराखण."

"म्हंजी मागं तुमी हुता? मला वाटलं मानवतवाला हाय! मी म्हनलं, आता ह्यो पुढं जातो, आता जातो..." बन्सीधर मटकन खाली बसला. मग त्याला सातवा नियम आठवला आणि त्याचा चेहरा उतरला. "तात्या, तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

पळून झालेल्या गड्यांना वाटेत उचलत मंडळाचा ट्रक परभणीच्या मैदानावर पोचला, आणि थोड्या वेळाने पिंपळदऱ्याचा शेवटचा गडी दुसरा आला. दहा वाजून काही मिनिटं झाली होती. ढोल वाजले, गुलाल उडाला, रंगनाथला पोरांनी खांद्यावर घेतलं. तेवढ्यात मुख्य पंच अप्पाराव सर हातात कागद घेऊन आले. एका शाळेत कसरत शिकवायचे, उन्हातसुद्धा कडक इस्त्रीची टोपी घालायचे.

"पिंपळदरा बाद," ते म्हणाले. "तुमचा पाच नंबरचा माणूस सहा नंबरच्या मागून सात किलोमीटर पळाला. तीनदा सांगूनही थांबला नाही. नियम सात."

रंगनाथ खांद्यावरून खाली उतरला. "पण साहेब, मागून पळनाऱ्याची काय मदत हुती? त्यानं हात लावला का? पानी दिलं का?"

"नाही."

"काई बोलला का?"

"नाही."

"मग? रिकाम्या हातानं मागून पळनारा मानूस, त्याची कसली मदत?"

अप्पाराव सरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, कागदावर बोट ठेवलं. "सरावात तुमच्या ह्या पोराला किती लागायचे?"

"तेहेतीस मिनिटं," बन्सीधर म्हणाला.

"आज तीस. अकरा गावांच्या गड्यांत आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ. ही तीन मिनिटं तू एकट्याने वाचवलीस?"

बन्सीधर खरं बोलला. "मागं कुनीतरी हाय म्हनून पळालो."

"झालं तर," सर म्हणाले आणि कागदावर फुली मारली. "मागे माणूस असला की फरक पडतो, म्हणूनच तर हा नियम आहे."

रंगनाथ काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा गुलाल तसाच होता, पण खालचा रंग गेला होता. सगळ्यांना वाटलं, नंबर गेला म्हणून.

परतीच्या ट्रकमध्ये, जिंतूर आल्यावर, सटवाजी म्हणाला, "ज्योत असो नाहीतर दांडकं, आमच्या तात्याच्या हातात गेलं की इझतंच." दोघं-तिघं हसली. बन्सीधर हसला नाही. आश्रुबा फळीला टेकून बसला होता. आपली पाळी आता संपली, माहूरचीही संपली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी खरी गोष्ट अशी, की तो त्या क्षणी फार दुःखीही नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढून बन्सीधरच्या त्या टाचा हलत नव्हत्या.

नवरात्राला आठ दिवस राहिले तेव्हा मारुतीच्या पारावर ज्योतीच्या पाळ्या वाटायला बैठक बसली. पाळ्यांची नावं वाचून झाली. आश्रुबाचं नाव त्यात नव्हतं. एकजण म्हणाला, "तात्याला कंदील हायच की."

आश्रुबा पाराच्या खाली उकिडवा बसलेला होता. त्याने मान हलवली. कंदील तर कंदील.

तेव्हा रंगनाथ उठला. चक्कीवाला माणूस, मोठ्या आवाजात बोलायची सवय. पण त्या दिवशी पुढे वाकून ऐकावं लागलं.

"परभनीला ते सर काय म्हनले, ऐकलं ना सगळ्यांनी? मागं मानूस असला की फरक पडतो. मागून रिकाम्या हातानं पळालेला मानूस मदत करतो, म्हनून आपुन बाद." तो आश्रुबाकडे वळला. "मग मागं मानूस नसला तर?"

कुणाला काही कळेना.

"पुसदच्या घाटात ह्याच्या मागं पाठराखा मी हुतो. आन मी नव्हतो. मला दम लागला हुता. मी टेम्पोच्या फळीवर टेकलो, बिडी पेटवली. म्हनलं, दोन मिनिटांनी काय हुतंय? सगळे पुढच्या बाजूला गानी म्हनायलेते, कुनी बघितलं न्हाई. तेवढ्यात मागून वारा आला." त्याने आश्रुबाकडे बोट केलं. "ह्याला ठावं हुतं. मागं पाय वाजायचे थांबले, हे पळनाऱ्याला कळत न्हाई का? दोन वर्सं झाली, ह्यानं तोंडातून शबुद काढला न्हाई. आन मी त्याच्या मांडीवर कंदील ठिवला."

सटवाजी पुटपुटला, "तात्या, बोलायचं हुतं की."

आश्रुबा म्हणाला, "काय बोलायचं? रीत हाय. मागं बघायचं न्हाई. मी बघितलंच न्हाई, तर कोन हाय आन कोन न्हाई, मी कसं सांगू?"

रंगनाथने पाळ्यांचा कागद घेतला, घाटाच्या पाळीपुढचं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे आश्रुबाचं लिहिलं. बन्सीधर म्हणाला, "पाठराखा मी." रंगनाथ म्हणाला, "न्हाई. मी." त्यावर दोघांची चांगली जुंपली. शेवटी दोघंही पळाले.

त्या साली घाटात वारा होता. आश्रुबा दोन्ही हातांनी ज्योत खांद्याच्या वर धरून चढला. मागे चार पाय वाजत होते. एक गडी हलका, एक जड, धापा टाकणारा. ज्योत दोनदा आडवी झाली, निळी पडली आणि पुन्हा उभी राहिली. गावात पोचली तेव्हा चतुराबाईने तिला ओवाळलं, आणि आश्रुबाच्या कानाशी वाकून म्हणाली, "चला, आता तरी चालताना थांबू नका." तो दुसऱ्याच दिवशी टावरखाली थांबला.

पाळी मिळाली, 'इझवण्या' हे नाव गेलं, गोष्ट खरं म्हणजे तिथे संपायला हवी. पण आश्रुबाच्या डोक्यातून ती तीन मिनिटं गेली नाहीत. तो लिहिणारा-वाचणारा माणूस नव्हता, पण बारा वर्षं तारांखालून चालणारा होता, आणि कुठल्या गोष्टीचा हिशेब लागला नाही की त्याला झोप यायची नाही. एकदा लाईन तपासायला नवे इंजिनीअर आले, गोविंदराव नावाचे, नुकतेच शिकून आलेले. दुपारी टावरच्या सावलीत दोघं भाकरी खात बसले होते. वर तारा घोंगावत होत्या.

आश्रुबाने विचारलं, "साहेब, येलदरीहून सोडलेली वीज परभनीला सगळी पोचती का?"

"सगळी नाही पोचत," गोविंदराव म्हणाले. "थोडी तारेतच उष्णता होऊन जाते. जितकं लांब न्याल तितकी कमी होते."

"वाटेत कधी वाढत न्हाई?"

"वाढेल कशी? कुठून येणार?"

मग आश्रुबाने त्यांना सगळं सांगितलं. दांडी, टाचा, जीपचा भोंगा, स्टॉपवॉच. गोविंदराव हसले. म्हणाले, "अहो, तो मुलगा घाबरून पळाला. भीतीने माणूस जोरात पळतो, त्यात काय नवल?"

"ते पटलं साहेब. त्याला वाटलं मानवतवाला मागं हाय. पर माझं काय?" आश्रुबाने भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. "मी सरावात तेहेतीसच्या खाली कधी आलो न्हाई. शर्यतीत बत्तीस आली, ती बी ताज्या पायांनी. त्याच्यामागं पळालो ते दमलेल्या पायांनी, मोठ्या बुटांनी, काट्यांतून. आन तरी त्याच्या बरोबर तीसमधी पोचलो. मला कुनाची भीती नव्हती, नंबर पाहिजे नव्हता, हातात कायबी नव्हतं. मी त्याला काई दिलं न्हाई, त्यानं मला काई दिलं न्हाई. ती दांडी बी त्याच्यापाशीच हुती."

गोविंदरावांनी वर तारांकडे बघितलं, मग डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर आश्रुबाने तो प्रश्न पुष्कळांना विचारला. अप्पाराव सर एकदा जिंतूरच्या स्टँडवर भेटले, त्यांना विचारला. माहूरच्या पुजाऱ्यांना विचारला. बन्सीधर पुढे पोलिसात लागला, सुट्टीवर आला की त्याला विचारायचा, आणि दोघं पारावर बसून डोकं खाजवायचे. आजही गावात कुणी शिकलेला पाहुणा आला, की आश्रुबा आधी त्याला पाणी देतो, मग समोर उकिडवा बसतो आणि विचारतो:

"तारेतली वीज वाटेत कमी हुती म्हनतेत. मग आमच्या दोघांत जे वाढलं, ते आलं कुठून?"